सुट्या भागांच्या परदेशी व्यापारासाठी सॉफ्टवेअर: पॅकेज निवडण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा: भोसरीतला एक वितरक ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांचे सुटे भाग भारत, जर्मनी आणि चीनमधून घेतो आणि आखात व पूर्व आफ्रिकेत विकतो. गोदामे तीन: भोसरी, दुबईचे जेबेल अली आणि नैरोबी. पार्ट नंबर सुमारे ४२ हजार. हिशेब टॅलीत, खरेदीचे नियोजन एक्सेलमध्ये. डेड स्टॉक, म्हणजे न खपणारा माल, वाढतोय आणि तरीही गिऱ्हाइकाला हवा तो भाग नेमका संपलेला असतो. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, आणि घेतल्यावर हे दुखणे जाईल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. नुसते पॅकेज घेऊन जाणार नाही. किराणा किंवा कपड्यांच्या व्यापारासाठी बनलेली नियोजनाची पद्धत सुट्या भागांना लावली की फसते. इथे पार्ट नंबर बदलत राहतो, मागणी तुटक येते आणि लीड टाइमचा, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतच्या वेळेचा, भरवसा नसतो. हे जे सॉफ्टवेअर नीट हाताळते ते तुमच्या कामाचे. बिलिंग, जीएसटी, रंगीत डॅशबोर्ड हे आज सगळेच देतात, त्यावरून निवड करू नका.

पार्ट मास्टर

पार्ट मास्टर म्हणजे सगळ्या भागांची मूळ यादी. ४२ हजार पार्ट नंबर म्हणजे ४२ हजार वस्तू नव्हेत. एक्सेलवर चालणाऱ्या यादीत एकच वस्तू दोन-तीन नंबरांनी बसलेली असते. बॉशच्या कॉमन रेल इंजेक्टरचे नंबर ०४४५ ने सुरू होतात. साध्या सेलमध्ये टाकले की सुरुवातीचे शून्य गळते. अंकांच्या मधे इंग्रजी ई असलेला नंबर, समजा ४५ई७, एक्सेल वैज्ञानिक आकडा समजते आणि त्याचे ४५ कोटी करते. १२-३ ची तारीख होते. पंधराहून जास्त अंक असतील तर सोळाव्यापासून पुढे सगळी शून्ये. फाइल सेव्ह झाली की मूळ नंबर परत मिळत नाही. म्हणून पुरवठादाराची सीएसव्ही फाइल कधीही दोनदा क्लिक करून उघडू नये. एक्सेलच्या डेटा मेनूतून आयात करताना पार्ट नंबरचा स्तंभ आधी मजकूर म्हणून ठरवावा.

नव्या प्रणालीत प्रत्येक भागाला दोन नंबर हवेत. एक दिसणारा, म्हणजे उत्पादक छापतो तसा, रिकाम्या जागा आणि आडव्या रेघांसकट. दुसरा शोधाचा: सगळी अक्षरे मोठ्या लिपीत, रेघा, टिंबे, रिकाम्या जागा काढलेला. काउंटरवरचा माणूस कसाही टाइप करो, शोध दुसऱ्या नंबरावर चालतो. पण एकमेवपणाची अट नुसत्या शोधनंबरावर लावू नका, ब्रँड अधिक शोधनंबर यांवर लावा. दोन कंपन्यांचे वेगळे भाग रेघा काढल्यावर एकच नंबर दाखवू शकतात. पार्ट मास्टर साफ करताना पहिल्याच दिवशी अशा टकरींची यादी काढावी. शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदलही त्याच यादीत सापडते.

पर्यायी भागांचे प्रकरण याहून नाजूक. बेअरिंग घ्या. एसकेएफचे ६२०५-२आरएस१, एफएजीचे ६२०५-२आरएसआर, एनटीएनचे ६२०५एलएलयू आणि एनएसकेचे ६२०५डीडीयू हे चारही २५ × ५२ × १५ मिलिमीटरचे, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले. एकाच्या जागी दुसरे चालते. पण ६२०५-२झेड म्हणजे पत्र्याचे झाकण. माप तेच, तरी धुळीत चालणाऱ्या ट्रॅक्टरला ते टिकणार नाही. पुढे सी३ लागले तर आतली मोकळीक जास्त. शेपूट तोडून सगळ्यांना ६२०५ म्हणणारी प्रणाली हे सगळे एका खोक्यात टाकते, आणि तक्रार येते ती तीन महिन्यांनी, बेअरिंग वाजू लागल्यावर.

म्हणून तीन नाती वेगळी ठेवणारे सॉफ्टवेअर घ्या. उत्पादकाने जुना नंबर बंद करून नवा दिला ते बदली-नाते. तुमच्या तांत्रिक माणसाने तपासून ठरवले ते पर्याय-नाते. आणि दुसऱ्या कंपनीचा नंबर नुसता शोधायला ठेवला ते संदर्भ-नाते. तिसऱ्यावरून प्रणालीने आपोआप माल पाठवता कामा नये.

बदली-नात्यात दिशा असते. बहुतेक वेळा नवा भाग जुन्या गाडीला बसतो, जुना नव्या गाडीला बसत नाही. काही वेळा एका नंबराचे दोन होतात: आधी पाण्याचा पंप गॅस्केटसकट यायचा, आता दोन्ही वेगळे. काही वेळा दोनाचा एक होतो. कधी बदल ठरावीक चॅसिस नंबरपासून पुढेच लागू असतो. शिवाय जुन्या मालाचे काय करायचे तेही नात्यातच नोंदवावे लागते: संपेपर्यंत विका, की सुरक्षेचा दोष आहे म्हणून आजच थांबवा. नाते जोडताच जुन्या नंबराच्या मागणीचा इतिहास नव्याकडे जायला हवा, योग्य गुणोत्तराने. तो गेला नाही की नवा नंबर कोराच दिसतो, प्रणाली त्याची ऑर्डर सुचवत नाही, आणि जुन्याची मात्र सुचवत राहते. तुमच्याकडच्या दोन्ही तक्रारींचा, डेड स्टॉकचा आणि तुटवड्याचा, बराच भाग इथूनच येत असणार. कॅटलॉग दोन पुरवठादारांकडून आले तर वर्तुळही तयार होते: एक म्हणतो अ चा ब झाला, दुसरा म्हणतो ब चा अ. आयात करताना वर्तुळ पकडून ती ओळ नाकारणारी तपासणी असायलाच हवी.

याचा फटका कागदपत्रांनाही बसतो. ऑर्डर जुन्या नंबराची, पुरवठादार माल आणि बिल नव्या नंबराने पाठवतो, आणि केनियाच्या मानक संस्थेच्या निर्यातपूर्व तपासणीचा, म्हणजे पीव्हीओसीचा, दाखला जुन्या नंबरावरच निघालेला असतो. मोम्बासात हा फरक सापडला तर पेटी सुटेपर्यंत बंदराचे भाडे चालू. ऑर्डर, बिल, पॅकिंग लिस्ट आणि दाखला यांतले नंबर माल निघण्याआधी जुळवणारा एक साधा रिपोर्ट मागून घ्या.

मापाचे एककही इथेच निश्चित करा. पिस्टन रिंग सेटने येतात, ब्रेक पॅड एका अ‍ॅक्सलच्या सेटने, ऑइल सील दहाच्या पाकिटाने. खरेदीचे, साठ्याचे आणि विक्रीचे एकक वेगळे असू शकते, पण साठ्याचे एकक सुट्या विक्रीतल्या सगळ्यांत लहान नगाइतकेच हवे. पुरवठादाराने पाकीट दहाचे बाराचे केले तर जुन्या नोंदीतला आकडा खोडू नये, नव्या तारखेपासून नवा लावावा.

एचएस कोड, म्हणजे जकातीसाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक, प्रत्येक भागाला हवा, आणि ‘गाडीचा भाग आहे, टाक ८७०८ मध्ये’ ही सवय मोडायला हवी. ऑइल फिल्टर ८४२१.२३ मध्ये जातो, एअर फिल्टर ८४२१.३१ मध्ये, बॉल बेअरिंग ८४८२ मध्ये, इंजिनाचे भाग ८४०९ मध्ये, रबरी गॅस्केट ४०१६.९३ मध्ये, रबरी पट्टे ४०१० मध्ये, पोलादी बोल्ट ७३१८ मध्ये. ब्रेकचे भाग मात्र खरोखरच ८७०८.३० मध्ये. पहिले सहा अंक जगभर तेच, पुढचे देशागणिक वेगळे. त्यामुळे एका भागाला भारताचा, अमिरातीचा आणि केनियाचा असे तीन कोड ठेवण्याची सोय लागते. १ जानेवारी २०२८ पासून एचएसची नवी आवृत्ती लागू होणार आहे. कोडला लागू-तारीख नसेल तर त्या आठवड्यात सगळी यादी हाताने बदलावी लागेल.

उगमदेश पार्ट नंबरावर ठेवू नका, आवक झालेल्या लॉटवर ठेवा. एकाच ब्रँडचा एकच नंबर एकदा पुण्याच्या कारखान्यातून येतो, एकदा चीनमधल्या. भारत-अमिरात व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, पण त्याखालची सवलत उगमाच्या अटी पुऱ्या करणाऱ्या भारतीय मालालाच. भोसरीत नुसती पेटी बदललेल्या चिनी बेअरिंगला ती मिळत नाही. रॅकवर दोन्ही लॉट एकत्र झाले की कोणत्या पेटीवर कोणता दाखला लावायचा हे कुणीच सांगू शकत नाही.

धोकादायक मालाची खूण आणि टिकण्याची मुदत ही दोन खाती हमखास रिकामी राहतात. धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांचा यूएन क्रमांक असतो: आम्ल भरलेली बॅटरी यूएन २७९४, एअरबॅग आणि सीट बेल्टचे प्रिटेन्शनर बहुधा यूएन ३२६८, सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या यूएन ३४८०. शेवटच्या तर १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून नेताच येत नाहीत. विसरला जातो तो बॉनेटचा गॅस स्ट्रट. त्यात दाबाखालचा वायू असतो, तो यूएन ३१६४ खाली येऊ शकतो आणि कुरिअर कंपनी तो परत पाठवते. रबराची मुदत रबराच्या जातीवर अवलंबून. आयएसओ २२३० नुसार नैसर्गिक रबर ५ वर्षे, नायट्राइल ७, फ्लोरोकार्बन १०, तीही नीट साठवले तर. मुदत पेटी गोदामात आली त्या दिवसापासून नव्हे, उत्पादनाच्या दिवसापासून मोजायची. सील आणि ओ-रिंगसाठी आधी आलेला नव्हे तर आधी मुदत संपणारा माल आधी काढणारा नियम लावा.

मागणी: विक्री नव्हे, मागणी

एक्सेलमध्ये तुम्ही विक्रीची सरासरी काढता. नैरोबीत माल नव्हता म्हणून तो जेबेल अलीहून पाठवला, तर विक्री जेबेल अलीच्या नावावर पडली. पुढच्या वेळी प्रणाली तिथेच जास्त साठवते आणि नैरोबी पुन्हा रिकामे. मागणी जिथे उठली तिथेच, ज्या तारखेला मागितली त्या तारखेला आणि जो नंबर मागितला त्याच नंबरावर नोंदली गेली पाहिजे. माल कुठूनही जावो. काउंटरवर ‘नाही’ म्हटलेली चौकशीही एका बटणाने नोंदवता यायला हवी. ते बटण दाबायला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर कुणी दाबणार नाही.

आता तुटक मागणी. समजा एका हायड्रॉलिक पंपाची बारा महिन्यांची मागणी अशी आहे: ०, ०, ६, ०, ०, ०, ४, ०, ०, ०, ०, ८. वर्षाला १८ नग. शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी धरली तर अकराव्या महिन्याच्या अखेरीस ती शून्य येते आणि बाराव्याच्या अखेरीस २.६७. म्हणजे गिऱ्हाईक येण्याच्या तोंडावर प्रणाली म्हणते मागवू नका, आणि ते येऊन गेल्यावर म्हणते भरपूर मागवा. हीच चूक हजारो नंबरांवर महिन्यागणिक झाली की गोदाम चुकीच्या मालाने भरते.

यावरचा उपाय क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये दिला. मागणी आली तेव्हा सरासरी किती आली आणि दोन मागण्यांमध्ये सरासरी किती अंतर पडले, हे दोन आकडे वेगळे चालवायचे. वरच्या उदाहरणात सरासरी मागणी ६, अंतर ४ महिने, म्हणून अंदाज महिन्याला १.५. मूळ पद्धत थोडा जास्त अंदाज देते. सिंटेटोस आणि बॉयलन यांनी सुचवलेली दुरुस्ती म्हणजे उत्तराला (१ − अल्फा ÷ २) ने गुणणे. अल्फा म्हणजे ताज्या आकड्याला दिलेले वजन. ते ०.१ असेल तर १.५ × ०.९५ = १.४२५. क्रॉस्टनचा दुसरा दोष व्यवहारात जास्त महाग पडतो. मागणी पूर्ण थांबली तरी अंदाज खाली येत नाही, कारण आकडे फक्त मागणी आली तरच बदलतात. ज्या मॉडेलच्या गाड्या रस्त्यावरून जात आहेत त्यांच्या भागांना म्हणून टीएसबी पद्धत लावावी. ती रिकाम्या महिन्यातही मागणीची शक्यता उतरवत नेते.

कोणत्या भागाला कोणती पद्धत, हे माणसाने ठरवायचे नाही. रूढ विभागणी अशी: दोन मागण्यांमधले सरासरी अंतर १.३२ कालखंडांपेक्षा कमी आणि मागणीचा चढउतार दाखवणाऱ्या चल-गुणांकाचा (प्रमाण विचलन ÷ सरासरी) वर्ग ०.४९ पेक्षा कमी असेल तर भाग सुरळीत, त्याला ताज्या महिन्यांना जास्त वजन देणारी साधी घातांकी सरासरी पुरते. अंतर जास्त, चढउतार कमी तो तुटक. दोन्ही जास्त तो गठ्ठ्याने जाणारा, आणि त्याचा अंदाज कुणीच छान देत नाही. तिथे अंदाज सुधारण्यात वेळ घालवण्यापेक्षा मोठ्या गिऱ्हाइकाला आधी विचारलेले बरे. विक्रेत्याच्या माणसाला हे दोन आकडे विचारा. तो कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळला तर काय समजायचे ते समजा.

हंगाम मात्र हाताने सांगावा लागतो. केनियात लांब पावसाळा मार्च ते मे आणि छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. नांगरणीच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत, ट्रॅक्टर गॅरेजमध्ये येतात. तेव्हा क्लच प्लेट आणि हायड्रॉलिक सील नैरोबीच्या रॅकवर असायला हवेत. मागणी आल्यावर निघालेला कंटेनर पेरणी झाल्यावर पोचतो.

लीड टाइम

बहुतेक प्रणालींत लीड टाइमसाठी एकच खाते असते आणि त्यात कुणीतरी कधीतरी ४५ लिहिलेले असते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातली वाहतूक धोक्यात आली आणि युरोपहून येणारी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, तेव्हा प्रवास साधारण १० ते १४ दिवसांनी वाढला. ज्यांच्याकडे तो आकडा ४५ च राहिला, त्यांचा जर्मन माल प्रत्येक फेरीला उशिराच येत गेला. लीड टाइम ऑर्डरच्या ओळीपासून त्याच ओळीच्या आवक नोंदीपर्यंत, पुरवठादार, मार्ग आणि वाहतुकीचा प्रकार यांनुसार प्रणालीने स्वतः मोजायला हवा. सरासरीबरोबर त्याचा विस्तारही.

विस्ताराचे महत्त्व एका हिशेबाने दिसते. आठवड्याला सरासरी १० नग जातात, आठवड्याचे प्रमाण विचलन ६. लीड टाइम ९ आठवडे, त्याचे प्रमाण विचलन २ आठवडे. सुरक्षित साठा म्हणजे अंदाज चुकला तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला जादा माल. त्याचे सूत्र: क × √(लीड टाइम × मागणीच्या विचलनाचा वर्ग + सरासरी मागणीचा वर्ग × लीड टाइमच्या विचलनाचा वर्ग). म्हणजे √(९ × ३६ + १०० × ४) = √७२४ = २६.९. ९५ टक्के भरवशासाठी क = १.६४५, म्हणून ४४ नग. लीड टाइम पक्का धरला असता तर √३२४ = १८, म्हणजे ३० नग. मधले १४ नग फक्त जहाजाच्या अनिश्चिततेसाठी आहेत. आणि वर्गमुळाखालच्या दोन आकड्यांत मोठा ४०० आहे, तो लीड टाइमचा. या भागापुरते तरी अंदाज सुधारण्यापेक्षा पुरवठादाराकडून पक्की तारीख मिळवणे जास्त फायद्याचे.

हे सूत्र महिन्याला एखादा नग जाणाऱ्या भागांना लावू नका. तिथे प्वासाँ वितरण, म्हणजे तुरळक घटनांची शक्यता काढण्याचे सूत्र, वापरावे. लीड टाइममध्ये सरासरी १.५ नग लागत असतील तर मागणी ३ च्या आत राहण्याची शक्यता ९३.४ टक्के आणि ४ च्या आत राहण्याची ९८.१ टक्के. एका नगाने इतका फरक. महाग गिअरबॉक्ससाठी तीन, स्वस्त सेन्सरसाठी चार, असा निर्णय इथे घेता येतो. त्यासाठी भागाची किंमत आणि तो नसेल तर गाडी उभी राहते का, म्हणजे व्हीईडी वर्ग, दोन्ही मास्टरमध्ये हवेत.

तीन गोदामांचा विचार एकत्र करणारी प्रणाली असेल तर मंद गतीचा माल एकाच ठिकाणी, जेबेल अलीला, ठेवता येतो. तीन ठिकाणची मागणी सारखी आणि स्वतंत्र असेल तर एकत्रित सुरक्षित साठा तिन्हींच्या बेरजेच्या साधारण ५८ टक्के पुरतो. ही बचत खरी, पण ज्या भागावाचून गाडी उभी राहते तो हवाई मार्गाने पाठवण्याचा खर्च त्यातून वजा करा. आणि जेबेल अलीतल्या शेवटच्या दोन-तीन नगांवर गाडी बंद असलेल्या ऑर्डरींसाठी राखीव शिक्का ठेवा, नाहीतर साध्या साठा-ऑर्डरीत ते निघून जातात.

खरी पडताळ किंमत, म्हणजे गोदामात येईपर्यंत माल कितीला पडला

एक चाळीस फुटी उंच कंटेनर. भाडे आणि बंदराचे खर्च मिळून ३ लाख रुपये. आत ६० लाखांची बेअरिंग ६ घनमीटरमध्ये आणि १० लाखांचे प्लास्टिकचे मडगार्ड ५४ घनमीटरमध्ये. भाडे किमतीच्या प्रमाणात वाटले तर मडगार्डवर सुमारे ४३ हजार पडतात, म्हणजे ४.३ टक्के. जागेच्या प्रमाणात वाटले तर २ लाख ७० हजार, म्हणजे २७ टक्के. मडगार्डवर १५ टक्के नफा दाखवणारा रिपोर्ट प्रत्यक्षात तोट्याचा माल विकायला सांगत असतो, आणि त्याच वेळी बेअरिंग उगाच महाग दाखवून गिऱ्हाईक घालवतो. भाडे घनमीटरवर, विमा किमतीवर, जकात ज्या त्या ओळीच्या कोडवर, असे खर्चागणिक वेगळे वाटप करता येते का ते पाहा.

त्यासाठी पेटीची मापे हवीत. हवाई वाहतुकीत लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ६००० ने भागतात. बंपरची पेटी १९० × ६० × ४५ असेल तर आकारवजन ८५.५ किलो, काट्यावर ती भरते ९ किलो. मापे नसताना विमानाचे कोटेशन देणारा विक्री विभाग दर वेळी काट्याचे वजन धरतो. सगळ्या ४२ हजारांची मापे घ्यायला बसू नका. गेल्या दोन वर्षांत हललेले आणि आकाराने मोठे भाग आधी घ्या.

आता पॅकेज

एसएपीची विस्तारित सुटे भाग नियोजन प्रणाली, पीटीसीचे सर्व्हिजिस्टिक्स, सिंक्रॉन ही या विषयातली जाणती नावे. वर सांगितलेले जवळपास सगळे त्यांत आहे. पण ती वाहन उत्पादकांच्या आकाराची आहेत. तीन गोदामांच्या धंद्याला त्यांचा खर्च आणि ती चालवणारी माणसे दोन्ही झेपणार नाहीत.

तुमच्या आकाराला मधल्या फळीची ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकत्र सांभाळणारी प्रणाली, आणि तिच्या बाजूला नियोजनाचे वेगळे साधन, ही जोडी योग्य. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रलमध्ये पर्यायी भागांचे नाते एकतर्फी की दुतर्फी हे ठरवता येते आणि खर्चाचे वाटप वजन, आकारमान किंवा किमतीवर करता येते. मुंबईत घडलेली, खुल्या स्रोताची ईआरपीनेक्स्ट लायसन्सच्या दृष्टीने स्वस्त. पर्यायी भाग आणि पडताळ किमतीची नोंद तिच्यातही आहे. बदली-नात्यांची साखळी आणि इतिहासाचे हस्तांतर यांसाठी मात्र दोन्हींत काम करून घ्यावे लागेल. ओडूचेही तसेच. नियोजनासाठी नेटस्टॉक किंवा स्लिम४ सारखे तयार साधन, किंवा पायथन जाणणारा एक माणूस. स्टॅट्सफोरकास्ट या खुल्या स्रोताच्या पायथन लायब्ररीत क्रॉस्टन, त्याची दुरुस्त आवृत्ती आणि टीएसबी तिन्ही तयार मिळतात. रोज रात्री मागणीचा इतिहास बाहेर काढायचा, अंदाज आणि पुनर्मागणी पातळी, म्हणजे साठा किती उरला की ऑर्डर द्यायची तो आकडा, परत आत भरायची, एवढाच जोड. माझा कल ईआरपीनेक्स्ट किंवा बिझनेस सेंट्रल आणि बाजूला असे साधन, याकडे. टॅली लगेच बंद करू नका. पहिले आर्थिक वर्ष हिशेब आणि जीएसटी तिथेच राहू द्या.

डेमो विक्रेत्याच्या नमुन्यावर पाहू नका. स्वतःचे दोनशे पार्ट नंबर द्या आणि त्यांत मुद्दाम अडचणीचे घाला: शून्याने सुरू होणारे, तीन टप्प्यांची बदली-साखळी, एक वर्तुळ, एका नंबराचे दोन झालेला पंप, दोन देशांतून येणारा एकच नंबर, वरच्यासारखी तुटक मागणी. मग समोर बसून करून घ्या. जुन्या नंबराची ऑर्डर टाका आणि नवा नंबर कुठे दिसतो ते पाहा. नैरोबीची मागणी जेबेल अलीहून भागवा आणि इतिहास कुठे पडला ते तपासा. लॉटनुसार उगमदेशाचा रिपोर्ट मागा. ‘हे कस्टमायझेशनमध्ये करू’ हे उत्तर जितक्या वेळा येईल तितक्या वेळा लिहून ठेवा आणि प्रत्येकाचा दर त्याच दिवशी लेखी घ्या.

वेळेचे गणित असे मांडा की निम्म्याहून जास्त वेळ पार्ट मास्टर साफ करण्यात जाणार आहे. आठ महिन्यांचे काम धरले तर पाच महिने तेच. आणि ते संगणकवाल्याने नव्हे, काउंटरवर वर्षानुवर्षे भाग ओळखणाऱ्या माणसाने करायचे आहे. त्याचे रोजचे काम दुसऱ्याकडे द्यावे लागेल, हा खर्च बहुतेक अंदाजपत्रकांत नसतो. हललेल्या भागांपासून सुरुवात करा. तीन वर्षांत एकदाही न हललेले नंबर नव्या प्रणालीत सक्रिय म्हणून नेऊच नका, बंद म्हणून न्या. त्यातला जो माल रॅकवर आहे तो मोजून वेगळा काढा.

प्रणाली बदलण्याच्या दिवशी रॅकवरचा साठा सगळे मोजतात, समुद्रातला विसरतात. न्हावा शेवाहून निघालेले आणि अजून न पोचलेले कंटेनर, शांघाय किंवा हॅम्बुर्गहून येणारे, जेबेल अलीहून नैरोबीकडे चाललेले: हे सगळे ओळीओळीने मार्गस्थ साठा म्हणून चढवा, अपेक्षित तारखेसह. पुरवठादारांकडच्या अपुऱ्या ऑर्डरीही तशाच. हे राहिले तर पहिल्या सोमवारी प्रणाली तोच माल पुन्हा मागवायला सांगेल. ऋण साठा होऊ देणारी सेटिंग पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. पहिले तीन महिने एकही खरेदी ऑर्डर आपोआप जाऊ देऊ नका. सुचवलेल्या यादीत रकमेने सर्वांत मोठ्या शंभर ओळी आणि मागच्या वेळेपेक्षा दुपटीने वाढलेल्या सगळ्या ओळी खरेदीच्या माणसाने रोज पाहाव्यात, आणि आकडा बदलला तर का बदलला हे त्याच पडद्यावर निवडावे. ‘पाकिटाचा आकडा चुकीचा’, ‘बदली-नाते राहिले’, ‘गिऱ्हाइकाने आधीच सांगितले होते’ अशी पाच-सहा कारणे पुरेत. महिनाअखेर कोणते कारण किती वेळा निवडले ते मोजले की पार्ट मास्टरमध्ये पुढे काय दुरुस्त करायचे त्याची यादी आयती मिळते.